जेर-जबर नसलेली इंग्रजी

गेल्या वर्षी बासी ईदला आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या अम्मीसोबत घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्याच उर्दू शाळेत होती. विज्ञानात चांगले गुण मिळवून तिने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला होता. सलाम-दुआ झाली, ईदी झाली, आम्ही शीरखुर्म्याची वाटी तिच्या हातात दिली. एरवी उंबरठा ओलांडायच्या आतच बोलायला सुरुवात करणारी ही मुलगी त्या दिवशी मान खाली घालून बसली होती. शेवटी तिच्या अम्मीनेच विषय काढला.

"टीचर, हिला आता सायन्स नको झालंय. आर्ट्सला जाते म्हणते. कारण विचारलं तर सांगत नाही. तुम्हीच बघा."

हळूहळू कळले ते असे. रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी तिला उभे करून पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. उताऱ्यात लेड नायट्रेटचा उल्लेख होता. तिने 'लीड नायट्रेट' असे वाचले. वर्ग हसला. सरांनी उच्चार सुधारला, पण सोबत "उर्दू मीडियम का?" असेही विचारले आणि वर्ग पुन्हा हसला. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली. शंका विचारणे थांबले, प्रयोगशाळेत पुढे होणे थांबले.

"टीचर, जे लिहिलं होतं तेच वाचलं ना मी? एल, ई, ए, डी, लीड. तुम्हीच तर शिकवलं होतं."

हे वाक्य आम्हाला लागले, कारण ते खरे होते. सहावी-सातवीत शब्दांच्या पाठांतरात आम्हीच 'लीड म्हणजे पुढे नेणे' असे घोकून घेतले होते. आणि विज्ञानाच्या तासाला त्याच धातूला 'सीसा' म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. सीसा या धातूचे इंग्रजी नाव याच चार अक्षरांनी लिहितात, पण त्याचा उच्चार 'लेड' होतो, हे आम्ही कधी सांगितलेच नाही. वर्ग हसला तिला, चूक मात्र बरीचशी आमची होती.

आम्ही जवळच पडलेला एक कागद घेतला आणि त्यावर उर्दूत तीन अक्षरे लिहिली: शीन, ये, रे.

"वाच."

"शेर," ती म्हणाली.

"आणि तुझ्या हातात काय आहे?"

"शीरखुर्मा."

"त्यातला शीर कसा लिहितात?"

ती क्षणभर कागदाकडे बघत राहिली. शीन, ये, रे. सिंह असलेला शेर आणि फारसीत दूध असलेला शीर, दोन्ही लिहायचे सारखेच.

"मग तुझ्या वाटीत शेर कसा शिरला नाही?"

त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली.

ज्या वाचकांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, म्हणजे जेर, जबर, पेश, सहसा लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ एवढी तीनच अक्षरे लिहिली की ती मुल्क (देश), मलिक (राजा), मलक (फरिश्ता) किंवा मिल्क (मालमत्ता) यांपैकी कोणताही शब्द असू शकतात. अलिफ आणि सीन लिहिले की 'इस' होते आणि 'उस'ही होते. तरी तिसरीतले मूल उर्दू पुस्तक भराभर वाचते. ते शब्द एकटा वाचत नाही, मागचे-पुढचे बघून वाचते. वाक्यात सरहद्द असेल तर मुल्क, तख्त असेल तर मलिक. हे त्याला कोणी नियम करून शिकवलेले नसते, वाचता वाचता येते.

मराठीतही असे शब्द आहेत, फक्त आपले लक्ष जात नाही. 'सारे जग' म्हणताना जो 'ज' येतो तो 'पाण्याचा जग' म्हणताना येत नाही. गाडीवरची चाट आणि 'बोटे चाट' यांतला 'च' वेगळा. लिहिताना मात्र काहीच फरक नाही. ज्याच्या कानावर मराठी आहे तो अडखळत नाही, बाहेरून आलेला माणूस हमखास अडखळतो.

अरबीचा इतिहासही हेच सांगतो. सुरुवातीच्या अरबी लिखाणात आजच्यासारख्या स्वरखुणा नव्हत्या. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, ज्यांची मातृभाषा अरबी नव्हती असे लोक कुरआन वाचू लागले आणि वाचनात चुका होऊ लागल्या. तेव्हा अक्षरांवर खुणा करण्याची सुरुवात केल्याचे श्रेय परंपरेने बसऱ्याच्या अबुल अस्वद अद-दुअली यांना दिले जाते. पुढे आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी या खुणांना आजचे रूप दिले असे मानतात. अरबीचा पहिला शब्दकोश रचणारे तेच. नवख्या माणसाचा उच्चार चुकतो म्हणून त्या जाणकारांनी त्याला मागच्या बाकावर बसवले नाही, त्याच्यासाठी खुणा तयार केल्या. आज आपले मूल नूरानी कायद्यातून जेर-जबर शिकते ते त्याच मेहनतीचे फळ आहे.

इंग्रजीत मात्र रोजच्या लिखाणात अशा खुणा नाहीत. तिची अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. त्यामुळे एकाच अक्षराला अनेक कामे करावी लागतात. त्यात इतिहासाची भर पडली. इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार साधारण १४०० ते १७०० या काळात मोठ्या प्रमाणात बदलत गेले. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला तो १४७६ साली, म्हणजे हा बदल चालू असतानाच. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू पक्के झाले, जीभ मात्र पुढे सरकत राहिली. म्हणून लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे. 'पुढे नेणे' हा लीड आणि धातू असलेला लेड हे जुन्या इंग्रजीत दोन निरनिराळे शब्द होते. कागदावर ते एकसारखे झाले, तोंडात वेगळे राहिले. म्हणजे 'लीड नायट्रेट' वाचणारी मुलगी बुद्धीने कमी नव्हती. तिला दोन शब्दांपैकी एकाचीच ओळख करून दिलेली होती.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्यासोबत अशा शब्दांचे चार गट केले. घरोघरी उपयोगी पडतील म्हणून ते इथे देत आहोत.

पहिला गट स्पेलिंग एक, उच्चारही एक, पण अर्थ वेगवेगळे, अशा शब्दांचा. याचेही उदाहरण शीरखुर्म्यातच आहे. खुर्मा म्हणजे खजूर, आणि खजुराला इंग्रजीत डेट म्हणतात. तारखेलाही डेटच म्हणतात. गंमत अशी की हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत. फळाचा डेट बोट या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला आहे आणि तारखेचा डेट 'दिलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून. तसेच बँक म्हणजे पैसे ठेवण्याची जागा आणि नदीचा काठही. मॅच म्हणजे सामना आणि आगपेटीची काडीही. बॅट म्हणजे फळी आणि वटवाघूळही. इथे जीभ चुकत नाही, अर्थ चुकू शकतो.

दुसरा गट स्पेलिंग एक पण उच्चार आणि अर्थ दोन्ही वेगळे, अशा शब्दांचा. लीड आणि लेड यातलेच. लेड लक्षात ठेवायला ब्रेड आणि हेड हे शब्द आठवावेत, त्यांतही ई आणि ए यांचा उच्चार असाच होतो. दुकानात अनेक मुले पेन्सिलची 'लीड' मागतात, तीही खरे तर लेडच आहे. त्या काडीत शिसे नसते, ग्राफाइट असते, पण पूर्वी लोक त्याला शिशाचाच एक प्रकार समजत, म्हणून नाव चिकटले. डोळ्यातला अश्रू टिअर, कागद फाडणे टेअर. वारा म्हणजे विंड, घड्याळाला चावी देणे वाइंड. जखम म्हणजे वूंड, आणि दोरा गुंडाळला असे सांगायचे तर वाउंड. धनुष्य बो, झुकणे बाउ. साठ सेकंदांचे मिनिट, आणि अगदी सूक्ष्म असे म्हणायचे तर मायन्यूट. हा शेवटचा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात वारंवार भेटतो. 'वाचणे' या क्रियापदाची तर कमालच आहे. आज वाचतो तेव्हा रीड, काल वाचले तेव्हा रेड, अक्षरे तीच.

तिसऱ्या गटात नियमाची थोडी मदत होते. अनेक शब्द नाम असताना जोर पहिल्या भागावर येतो आणि क्रियापद असताना दुसऱ्या भागावर. नोंद म्हणजे रेकॉर्ड, नोंद करणे म्हणजे रिकॉर्ड. भेटवस्तू प्रेझेंट, सादर करणे प्रिझेंट. वस्तू ऑब्जेक्ट, हरकत घेणे अब्जेक्ट. वाळवंट डेझर्ट, सोडून जाणे डिझर्ट. हा नियम सगळीकडे लागू होत नाही, रिपोर्टसारखे शब्द दोन्ही वेळा सारखेच बोलले जातात. याच गटात शेवटचा ध्वनी बदलणारे शब्दही घ्यावेत. उपयोग म्हणजे यूस, वापरणे म्हणजे यूझ. जवळचा म्हणजे क्लोस, बंद करणे म्हणजे क्लोझ. उर्दू शिकलेल्या मुलांना हा फरक पटकन जमतो, कारण सीन आणि ज़े यांतला फरक त्यांच्या जिभेवर आधीच असतो.

चौथा गट छोटा आहे. यात पहिले अक्षर मोठ्या लिपीत आले की शब्द बदलतो. नोकरी म्हणजे जॉब. पण तोच शब्द मोठ्या जेने लिहिलेला आणि व्यक्तीचे नाव म्हणून आला तर उच्चार जोब, आणि ते नाव आहे हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे. बायबलच्या इंग्रजीत त्यांना असेच म्हणतात. वाचन म्हणजे रीडिंग, पण लंडनच्या पश्चिमेला त्याच स्पेलिंगचे एक शहर आहे, त्याला म्हणायचे रेडिंग.

हे सगळे पाठ करून घेऊ नये. पाठांतराने काय होते ते आम्ही भोगले आहे. एक साधी वही करावी. डाव्या पानावर शब्द एका उच्चारासह आणि त्याचे एक पूर्ण वाक्य, उजव्या पानावर तोच शब्द दुसऱ्या उच्चारासह आणि त्याचे वाक्य. सुटा शब्द वहीत घ्यायचाच नाही. रोज एकच जोडी, तीही मोठ्याने वाचायची. शंका आली तर शब्दकोश उघडावा. इंग्रजीचे जेर-जबर शब्दकोशात असतात. तिथे प्रत्येक शब्दापुढे उच्चार दिलेला असतो, आणि मोबाइलवरच्या शब्दकोशात तो ऐकताही येतो. ज्या घरात अम्मी-अब्बूंना इंग्रजी येत नाही त्या घरातही हे होऊ शकते. मुलाला फक्त विचारायचे, "या वाक्यात याचा अर्थ काय?" अर्थ नीट सांगता आला की उच्चार शोधणे सोपे जाते.

आणि हसू नये. आम्ही बीएड करत होतो तेव्हा सराव पाठात भर वर्गात जखमेला 'वाउंड' म्हणालो होतो. पाठ तपासायला बसलेल्या बाई काहीच बोलल्या नाहीत. तास संपल्यावर पाठाची वही परत मिळाली, तर त्या शब्दापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात 'वूंड' एवढेच लिहिलेले होते. वीस-एक वर्षे झाली, तो उच्चार पुन्हा चुकला नाही आणि वर्गासमोर उभे राहण्याची भीतीही बसली नाही. चूक सुधारणे आणि चुकणाऱ्याला खाली पाडणे, यातला फरक त्या पेन्सिलीने आम्हाला शिकवला.

ती मुलगी आर्ट्सला गेली नाही. यंदाच्या ईदला आली तेव्हा बारावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. निकाल अजून लागायचा आहे, अल्लाह यश देवो. शीरखुर्मा खाता खाता तिने एक गोष्ट सांगितली. जीवशास्त्राच्या तासाला एका मुलाने सूक्ष्म या अर्थाच्या शब्दाला 'मिनिट' म्हटले आणि वर्ग हसला. तो मराठी शाळेतून आलेला होता. तास संपल्यावर हिने आपल्या वहीतले ते पान त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "हे उतरवून घे, मीपण चुकले होते."

आम्ही विचारले, "मग त्याने उतरवले का?"

"हो टीचर. आणि उद्याची जोडी कोणती, तेही विचारलं."