रूट कॅनालनंतरचं अर्धं काम

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण फौजेत शिकलेली एक गोष्ट आजच्या विषयाला नेमकी लागू पडते. चौकी जिंकली की काम संपत नाही. प्रतिहल्ला येण्याआधी ती पक्की करावी लागते. रूट कॅनालचंही तसंच आहे. सुट्टीत उपचार सुरू केलेले जवान कच्चं फिलिंग घेऊन युनिटला परतायचे. "साहेब, आता दुखत नाही," एवढ्यावर विषय संपायचा.

दुखत का नाही? रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस आणि रक्तवाहिन्या काढून टाकतात, मुळांतल्या नळ्या साफ करून भरून घेतात. म्हणजे पहारेकरीच गेला. पुढे त्या दाताला पुन्हा कीड लागली, तरी थंड-गरमची कळ येऊन तुम्हाला सावध करणार नाही.

अशा दाताला दोन मोठे धोके असतात. पहिला तडकण्याचा. नस काढल्यामुळे दात वाळून ठिसूळ होतो, असं पुष्कळांना वाटतं. मुख्य कारण वेगळं आहे. कीड आणि उपचारासाठी पाडलेलं भोक, यांत दाताचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती चावताना फाकतात. चीर मुळापर्यंत गेली, तर दाढ काढण्यावाचून सहसा इलाज राहत नाही.

दुसरा धोका गळतीचा. कच्चं फिलिंग झिजतं, कडेने लाळ झिरपते आणि जंतू पुन्हा मुळापर्यंत पोचतात. हे फिलिंग थोड्या आठवड्यांपुरतं असतं, वर्षभरासाठी नव्हे.

म्हणून दाढेला कॅप. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव का चढवतात? लाकडाचे तुकडे एकत्र बांधलेले राहावेत म्हणून. कॅप तेच करते. पण तिला पकडायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण दीड-दोन मिलिमीटर शाबूत दात लागतो. कॅप किती महाग, यापेक्षा ही पकड किती, याला जास्त महत्त्व आहे.

दात फारच कमी उरला असेल तर मुळात 'पोस्ट', म्हणजे छोटी दांडी बसवतात. पोस्टने दात मजबूत होतो, हा गैरसमज आहे. ती फक्त वरच्या भरावाला आधार देते. तिच्यासाठी मूळ जास्त कोरलं, तर ते उलट कमकुवत होतं. पुढच्या दातांवर चावण्याचा भार कमी असतो. तिथे दात फारसा गेला नसेल, तर चांगलं पक्कं फिलिंगही पुरतं.

२००४ साली अमेरिकेत दंतविम्याच्या नोंदींवरून १४ लाखांहून अधिक दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रूट कॅनालनंतर आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. आता, चांगल्या अवस्थेतल्या दातांनाच कॅप जास्त बसवली जाते, हेही खरं. तरी धडा स्पष्ट आहे.

कॅप बसली म्हणून पहारा उठवू नका. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेला, हिरडीजवळच्या दाताला लागते. तिथे नीट ब्रश करा, दोन दातांमधली फट रोज साफ करा. वर्षभराने एक्स-रे काढून मूळ बरं झालंय का, ते पाहून घ्या.

आपल्यापैकी अनेकांच्या बदल्या होतात. आज इंदूर, उद्या हैदराबाद. एक्स-रे आणि उपचाराचा कागद जवळ ठेवा. उपचार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: कॅप धरायला दात पुरेसा उरेल का? पक्कं फिलिंग आणि कॅप कधी? सगळं मिळून खर्च किती? दात वाचण्यासारखाच नसेल, तर तेही पैसे घालवण्याआधी कळलेलं बरं.

आणि तुमच्या तोंडात आत्ता कच्चं फिलिंग असेल, तर दुखायची वाट पाहू नका. याच आठवड्यात वेळ घ्या. जय हिंद.