शब्दांना चित्रे देणारे गुरुजी

मुलाच्या हाती नवे पुस्तक दिले की ते आधी चित्र बघते, अक्षर नंतर. आपल्या अंकलिपीतसुद्धा अननस आधी दिसतो आणि 'अ' मागाहून. ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यासाठी कोणी खपले असेल असे आपल्या मनातही येत नाही. पण चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पोराला शाळेत घातले की त्याच्यापुढे लॅटिन व्याकरणाचे नियम येत. ते पाठ करायचे, चुकले की छडी. जी भाषा घरात कधी कानावर पडली नाही तिचे नियम, आणि तेही पुष्कळदा त्याच भाषेत लिहिलेले! हा जाच कमी करण्यासाठी ज्या भाषाशिक्षकाने आपले आयुष्य घातले त्यांचे नाव यान आमोस कोमेन्स्की. जग त्यांना कोमेनियस म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोरावियात झाला. हा प्रांत आज चेक देशात आहे. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील वारले. लॅटिन शाळेची पायरी चढायला सोळावे वर्ष उजाडले. लहान मुले मुकाट्याने सोसतात ते या मोठ्या विद्यार्थ्याला डोळसपणे दिसले. पुढे त्यांनी त्या शाळांना मुलांच्या बुद्धीच्या कत्तलखान्याची उपमा दिली. उपमा कडक आहे, पण ज्याने भोगले त्यानेच दिलेली आहे.

विद्यापीठात सगळा व्यवहार लॅटिनचा. तरी या तरुणाने १६१२ पासून आपल्या मायबोलीतले, चेक भाषेतले शब्द आणि वाक्प्रचार टिपून ठेवायला सुरुवात केली. मनात मोठा शब्दकोश होता. हे काम कुठेही गेले तरी त्यांच्याबरोबर असे, आणि त्यांना जावे फार ठिकाणी लागले. ते एका छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मगुरू होते. १६२० च्या लढाईत त्यांच्या बाजूचा पराभव झाला आणि छळ सुरू झाला. १६२२ साली पत्नी व दोन्ही मुले साथीत गेली. १६२८ मध्ये देश सोडून पोलंडमधल्या लेश्नो गावी जावे लागले. तिथे त्यांनी पोटासाठी पुन्हा शिक्षकी धरली.

लेश्नोतच १६३१ साली त्यांचे भाषा शिकवण्याचे पुस्तक निघाले. सुमारे आठ हजार शब्द, हजार वाक्यांत गुंफलेले, शंभर विषयांत वाटलेले. आधी नियम नाही. आधी वाक्य, आणि ते एखाद्या खऱ्या वस्तूविषयी. युरोपभर या पुस्तकाची भाषांतरे झाली. परदेशांतून बोलावणी आली. तरी गुरुजींना चैन नव्हते. अगदी लहान मुलांना हेसुद्धा जड जाते, हे वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला कळल्यावाचून कसे राहील?

१६५० मध्ये ते हंगेरीतल्या शारोश्पाताक इथल्या शाळेत गेले, तिथे त्यांनी चित्रांचे पुस्तक तयार केले. नाव 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रांतले जग. चांगला चित्रकोरक जवळपास मिळेना म्हणून ते छापून निघाले १६५८ साली, जर्मनीत न्यूरेंबर्गला. मुलांच्या चित्रमय पाठ्यपुस्तकांत ते आद्य मानले जाते.

सुरुवातीलाच अक्षरे आहेत, पण ती प्राण्यांच्या तोंडून. कावळा एक अक्षर शिकवतो, कोकरू दुसरे, मांजर तिसरे. साप फुत्कारतो तेव्हा 'स' येतो, वारा सुटतो तेव्हा 'फ'. त्यानंतर दीडशे पाठ. प्रत्येकावर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे खालच्या वाक्यातल्या शब्दांना. एका बाजूला लॅटिन, शेजारी मुलाला येणारी भाषा. मुलाने बोट ठेवावे, आकडा शोधावा आणि शब्द मिळवावा. खेळच म्हणा ना!

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. या पुस्तकात अग्नी, वायू, आकाश आहेत तसेच विणकर, कुंभार, लोहार, सुतार आणि चांभारही आहेत. चांभाराच्या पाठात आरी आहे, कातडे कापायची रांपी आहे, राळ लावलेला दोरा आहे, जोडा ज्यावर चढवतात तो फरमा आहे. पंडितांच्या लॅटिन भाषेत चांभाराच्या हत्यारांची नावे, आणि ती सरदाराच्या पोरानेही शिकायची! माझ्या शाळेच्या पुस्तकांत 'रांपी' हा शब्द मला एकदाही भेटला नाही, तो आळीतच भेटला. श्रीमंत-गरीब, मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांना सर्व शिकवावे, हे या गुरुजींचे म्हणणे होते. ते त्यांनी या पुस्तकात प्रत्यक्ष दाखवले.

मातांसाठीही त्यांनी एक पुस्तक लिहिले. सहा वर्षांपर्यंत मुलाची शाळा म्हणजे आईची मांडी, असा त्याचा आशय. त्या शाळेला फी नाही. ज्या माउलीला वाचता येत नाही तीसुद्धा परात, पळी, झारा, उलथने दाखवून शब्द देऊ शकते. आज आपल्या वस्तीतली पोरे इंग्रजी शाळेत जातात. माझा इंग्रजीला विरोध नाही; ती आलीच पाहिजे, कचेरीत तिच्यावाचून किती अडते हे मी रोज पाहतो. पण पोर घडाघडा कविता म्हणते आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला तर आपल्या तोंडाकडे बघते, तेव्हा ती जुनी लॅटिन शाळाच पुन्हा आपल्या घरात शिरली आहे असे वाटते. कोमेनियस यांचा आग्रह होता की मूल आधी मायबोलीत पक्के व्हावे, परकी भाषा नंतर.

आता त्या शब्दकोशाचे काय झाले ते सांगतो. १६५६ च्या एप्रिलमध्ये युद्धाच्या धामधुमीत लेश्नो गाव जाळले गेले. गुरुजी जिवानिशी वाचले. घर गेले, पुस्तके गेली, आणि चव्वेचाळीस वर्षे जमवलेला चेक शब्दांचा तो साठाही आगीत गेला. त्याची दुसरी प्रत नव्हती. हे दुःख त्यांना अखेरपर्यंत पुरले. साठी उलटलेली, पुन्हा परागंदा होणे आले. ते हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमला गेले. तो कोश पुन्हा झाला नाही. दोनच वर्षांनी चित्रांचे पुस्तक मात्र निघाले. पुढच्याच वर्षी इंग्रजीत गेले आणि नंतर शंभर-दीडशे वर्षे मुलांच्या हाती राहिले. जर्मन महाकवी गटे लहानपणी ते वाचत असे.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी कोमेनियस वारले. हॉलंडमधल्या नार्डेन गावी त्यांची कबर आहे. मायदेशी परतणे त्यांना जमले नाही. आज चेक देशात २८ मार्च हा शिक्षक दिन असतो, आणि तिथल्या २०० कोरुनांच्या नोटेवर गुरुजींचे चित्र आहे. नोटेच्या मागच्या बाजूला दोन हात आहेत, एक मोठ्या माणसाचा, एक मुलाचा.