जमाला आणि तिचं '१९४४'

मे २०१६, स्टॉकहोम. युक्रेनची गायिका जमाला हिने ५३४ गुण मिळवून युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली. गाण्याचं नावच एक साल होतं: '१९४४'.

१९४४ च्या मे महिन्यात स्टालिनने क्रिमियातल्या तातारांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केलं. जमालाची पणजीही लेकरांसह त्यात होती; एक मुलगी वाटेतच दगावली. म्हणूनच १९८३ साली जमाला जन्मली ती किर्गिझस्तानातल्या ओश शहरात.

पुढे कुटुंब परतल्यावर बालपण क्रिमियात गेलं, ऑपेराचं शिक्षण कीव्हमध्ये झालं.

'१९४४'ची कडवी इंग्रजीत, धृपद क्रिमियन तातारी भाषेत. शेवटाकडची तिची आर्त आलापी अंगावर काटा आणते! २०२३ मध्ये तिने क्रिमियन तातारी लोकगीतांचा 'किरिम' हा अख्खा अल्बमच काढला. दोन्ही आवर्जून ऐका.