लहान पाळीव प्राण्यांच्या चिकित्सेचे अध्यापन

धार जिल्ह्यातील पीथमपूर या उद्योगनगरीपासून जवळच, इंदूर जिल्ह्यातील महू येथे १९५५ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळ येथील महाविद्यालय त्याहून जुने, १८८६ सालचे. अशा संस्थांतील शिक्षणाचा भर पूर्वी मुख्यतः गाई-बैल, म्हशी व घोडे यांवर असे. शहरे व औद्योगिक वसाहती वाढल्या, तशी चिकित्सालयात कुत्री-मांजरेही अधिक येऊ लागली. त्यांची चिकित्सा शिकविणाऱ्या अध्यापकाच्या कामाचा हा थोडक्यात परिचय.

अध्यापनाचे स्वरूप

पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यांपैकी शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. अध्यापकास संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. वर्गातील व्याख्यान हा त्याच्या कामाचा एक भाग होय. खरे शिक्षण तपासणीच्या मेजापाशी होते. मुका प्राणी आपले दुखणे सांगू शकत नाही आणि मालकाने दिलेली माहिती कित्येकदा अपुरी असते. नेमके काय विचारावे, हे विद्यार्थी अध्यापकाला पाहूनच शिकतो.

मात्रेचा हिशेब

दोन किलो वजनाच्या पिलाच्या औषधात दशांश चिन्ह चुकले, तर ते प्राणावर बेतते. म्हणून आधी वजन, मग औषध, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. माणसांना तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान ठरते, कारण ते औषध निष्प्रभ करण्याची त्याच्या यकृताची शक्ती फारच अल्प असते.

हाड अडकल्याची तक्रार

‘घशात हाड अडकले आहे’ असे सांगून मालक कुत्रा घेऊन येतो. जबडा लोंबलेला, लाळ गळत असलेली, पाणीही गिळवत नाही. नवखा विद्यार्थी साहजिकच त्याच्या तोंडात हात घालू पाहतो. परंतु हीच लक्षणे अलर्क ऊर्फ रेबीज रोगाच्या मूक प्रकारातही आढळतात. या प्रकारात कुत्रा पिसाळून अंगावर धावून जाईलच असे नाही. म्हणूनच तो अधिक फसवा होय. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा प्राणघातकच ठरतो.

याकरिता अध्यापकाने पुढील शिस्त पहिल्या दिवसापासून बाणवावी. विद्यार्थ्याने प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. कुत्र्याला लस टोचली आहे काय, हे प्रथम विचारावे. संशय येताच तोंडात हात न घालता प्राण्यास वेगळे ठेवावे. घरी हाड काढण्यासाठी कोणी हात घातला होता काय, याचीही चौकशी करावी. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळेचा स्पर्श झाला असल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावयास सांगून त्या व्यक्तीस तत्काळ रुग्णालयात पाठवावे. हा एक प्रश्न विचारावयाचा राहिला, तर एखाद्या कुटुंबातील माणूस दगावू शकतो.

पशुपालकांनीही पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी, पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात व लसीकरणाचा दाखला जपून ठेवावा.