विश्लेषण : बंद दगडखाणीतल्या मऊ खडकावर सुरक्षित चढाई कशी करतात?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या विडनेस शहराबाहेर ‘पेक्स हिल’ ही वालुकाश्माची बंद पडलेली खाण आहे. आज तिथे प्रस्तरारोहक सरावाला येतात. सह्याद्रीच्या कठीण बेसॉल्टवर हात बसलेल्यांनाही अशा खडकाचे नियम वेगळे शिकावे लागतात.

खडक मऊ का?

वालुकाश्म म्हणजे नैसर्गिक खनिजांनी एकमेकांना चिकटलेले वाळूचे कण. उघड्यावर त्याच्या पृष्ठभागावर कठीण कवच तयार होते. ते फुटले, की आतली वाळू झडू लागते. फटीत अडकवलेले धातूचे साधनही आरोहक पडताच कडा फोडून बाहेर येऊ शकते. त्यामुळे अशा भिंतीवर साधनांच्या भरवशावर राहणे धोक्याचे.

मग दोर कुठे बांधतात?

माथ्यावर. याला ‘टॉप रोप’ म्हणतात. दोन स्वतंत्र, भक्कम आधार घेऊन जाड स्टॅटिक दोर बांधतात. त्याला लावलेले कुलूपबंद कॅराबिनर कड्याच्या धारेखाली लोंबले पाहिजेत. म्हणजे चढाईचा दोर दगडावर न घासता धातूवरून सरकतो. धारेवर जाड कापड घालतात. दक्षिण इंग्लंडमधल्या ‘हॅरिसन्स रॉक्स’वर दोरांच्या घर्षणाने पडलेल्या खाचा आजही दिसतात. माथ्यावर दोर लावणाऱ्यानेही आधी स्वतःला बांधून घ्यायचे असते.

पावसानंतर काय?

चढाई नाही. पाण्याने कणांमधली पकड सैल होते आणि एरवी भक्कम वाटणारी कपार हातात येते. पृष्ठभाग लवकर सुकतो, आतली ओल रेंगाळते. सावलीतल्या भिंतीला सुकायला जास्त दिवस लागतात. पायथ्याची माती ओलसर असेल तर परत फिरावे.

खाणीचा वेगळा धोका कोणता?

ही भिंत माणसाने फोडलेली असते. तडे आणि माथ्यावरचे सैल धोंडे मागे राहतात. कपार आधी हाताने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर सोडून द्यावी. हेल्मेट खाली दोर सांभाळणाऱ्यालाही हवे. इतरांनी भिंतीपासून दूर थांबावे.

कोकणातल्या चिरेखाणीत हे चालेल?

जांभा हा वेगळा, सच्छिद्र दगड आहे. वालुकाश्मावरचे अनुभव तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. जागामालकाची परवानगी आणि जाणकार आरोहकांची पाहणी, या दोन गोष्टींशिवाय दोर बाहेर काढू नये.