कुलवृत्तांताची साधने आणि भाषा : एका संशोधकाचे स्मरण

वंशावळ ही कोण कोणाचा पुत्र एवढेच सांगते. कुलवृत्तांताला ती माणसे कोठे राहिली, कोणत्या वृत्तीवर जगली आणि कशामुळे स्थलांतरित झाली, याचाही शोध घ्यावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. घरोघरच्या दप्तरांना साधनाची प्रतिष्ठा मिळाली ती या कार्यामुळे. प्रस्तुत लेखकाचे दिवंगत चुलते याच परंपरेतील एक हौशी अभ्यासक होत. त्यांच्या टिपणवह्यांच्या आधारे या संशोधनातील काही भाषिक प्रश्नांचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे.

चुलत्यांचे आयुष्य कुर्डुवाडीस रेल्वेच्या नोकरीत गेले. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यानंतर हे गाव वाढले व ठिकठिकाणची कुटुंबे तेथे स्थिरावली. अशा गावी ‘आपण मूळचे कोठले?’ हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर आडनावातील ‘-कर’ या प्रत्ययात मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ‘बार्शीकर’ हे नाव बार्शीत राहणाऱ्यास वेगळेपण देत नाही. ते बार्शी सोडल्यावरच सार्थ होते. आडनावातील गाव म्हणजे कुळाचे मूळ असेलच असे नाही. तो प्रवासातील एखादा मुक्कामही असू शकतो.

दुसरा प्रश्न कालगणनेचा. मोडी कागदांत वर्ष पुष्कळदा अरबी संख्याशब्दांत येते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. हा सुहूर सन होय. त्याचे वर्ष सौर असून मृग नक्षत्री पालटते. म्हणून त्यात ५९९ वा ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम (१४ जानेवारी १७६१) याच वर्षातला. हाच आकडा हिजरी समजल्यास इ. स. १७४८ येते, आणि बारा-तेरा वर्षांची चूक पदरी पडते.

तिसरा प्रश्न नावांचा. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रघातामुळे ‘अमुक बिन तमुक’ हे पितृनामासह नावही आजोबा व नातू यांचे एकच होऊ शकते. आमच्या वंशावळीत अशा दोन पुरुषांचा एकच पुरुष झाला होता व मधली पिढी गळाली होती. चुलत्यांना वृत्तीसंबंधीचा सुहूर ११६१ मधील एक अर्ज मिळाला. अर्जदार स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ हा पत्नीत्ववाचक शब्द व त्या पुरुषाचे नाव असून, ती विधवा असल्याचा स्पष्ट निर्देश होता. त्याच नावाचा पुरुष मात्र नंतरच्या कागदांतही व्यवहार करताना दिसतो. अर्थात हे पुरुष दोन होते.

ज्या स्त्रीमुळे एक पिढी परत मिळाली, तिला स्वतःला वंशावळीत स्थान नव्हते. विवाहानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे अशा स्त्रियांची माहेरची नावेही लुप्त होतात. चुलत्यांनी आपल्या तक्त्यात प्रत्येक पुरुषाशेजारी पत्नीचे नाव व माहेरचे कुळ यांसाठी दोन रकाने आखले. त्यांतील बहुतेक अद्याप रिकामे आहेत. घरातील मोडी रुमाल रद्दीत जाण्यापूर्वी वाचले गेले, तरच ते भरण्याची आशा आहे.