खो केव्हा द्यावा?

बालरोगतज्ज्ञाकडे येणारे पालक मुलाची उंची, वजन, भूक आणि परीक्षेतील गुण यांविषयी हमखास विचारतात. मुलाला स्वतःहून निर्णय घेता येतो का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक हाही वाढीचाच एक भाग आहे. मेंदूच्या पुढच्या भागाची, म्हणजे विवेक आणि संयम यांच्या केंद्राची, जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. तिला खतपाणी घालणारी एक जुनी शाळा आपल्या अंगणातच आहे. ती म्हणजे खो-खोचे मैदान.

या खेळाशी आपल्या परिसराचे नाते जुने आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खो-खोला नियमांची चौकट दिली, तर १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली. सयाजीराव महाराजांच्या या नगरीत जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांनी व्यायामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून अजिंक्यपद पटकावले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार मराठी असल्याचा आनंद आपल्याला अधिकच होता.

खो-खो हा केवळ धावण्याचा खेळ आहे, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. आठ खेळाडू चौकांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. संरक्षक मात्र बसलेल्या खेळाडूंमधून हवा तसा आरपार जाऊ शकतो. म्हणजे ज्याच्याकडे वेग आहे त्याला मोकळीक नाही, आणि ज्याला मोकळीक आहे त्याच्यामागे सतत नवा दमाचा गडी सुटतो. अशा वेळी स्वतः धावत राहावे की खो द्यावा, दिला तर कोणत्या बाजूला तोंड असलेल्याला द्यावा, गड्याला खांबाकडे रेटावे की मध्येच गाठावे, हे सारे क्षणार्धात ठरवावे लागते.

आपल्याकडील शिकवणी मात्र पुष्कळदा शिट्टी आणि आरडाओरडा यांवर चालते. “खो दे! पळ! वळ!” असे काठावरून सांगितले जाते आणि मूल सांगितले तसे करते. निर्णय प्रशिक्षकाचा, पाय मुलाचे! सामन्यात गोंगाटामुळे तो आवाज ऐकू आला नाही की मूल गोंधळून उभे राहते.

यावर इंग्लंडमधील लफबरो येथील बंकर आणि थॉर्प या दोन शिक्षकांनी १९८२ साली एक वेगळी वाट मांडली. आधी कौशल्य घोटवून मग खेळ खेळवण्याऐवजी, छोट्या व सोप्या केलेल्या खेळातूनच जाण निर्माण करावी, असे त्यांचे सूत्र होते. रग्बीसारख्या धसमुसळ्या खेळाच्या प्रशिक्षकांनीही ते उचलले, कारण चेंडू हाती आल्यावर धावावे, द्यावा की लाथाडावा हे तिथेही खेळाडूलाच ठरवावे लागते.

हे सूत्र खो-खोत सहज उतरते. आठांऐवजी चारच खेळाडू बसवून मैदान आखूड करावे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अधिक संधी येते. एका डावात खांबाजवळ बाद केलेल्या गड्याचे दोन गुण ठेवावेत, म्हणजे गडी कुठे रेटायचा हे मुलांना आपोआप उमगते. दुसऱ्या डावात एकच संरक्षक ठेवून त्याला एक मिनिट टिकायला सांगावे. मग साखळीने पळावे की गोलात, हे तोच शोधतो. डाव थांबवून प्रशिक्षकाने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा. “तुला तेव्हा काय दिसलं? दुसरी कुठली वाट होती?” चुकलेल्या निर्णयाला शिक्षा नसावी, कारण भीतीपोटी मूल निर्णय घेणेच टाळू लागते.

आम्हा डॉक्टरांना हे तत्त्व नवे नाही. नवजात बालकाच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण आपण बाहुलीवर, प्रसंग रचून घेतो. जन्मानंतरच्या त्या पहिल्या ‘सुवर्ण मिनिटा’त पुस्तक उघडायला वेळ नसतो. आधी अनेकदा पाहिलेला, चुकलेला आणि सुधारलेला प्रसंगच त्या वेळी हाताला वळण लावतो.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा आणि शिकवणीवर्ग यांच्यामध्ये पादऱ्याच्या मुलाला हा तास कुठे मिळतो, हे प्रत्येक घराने पाहावे. २०१० पासून गुजरातेत भरणाऱ्या खेल महाकुंभात खो-खो आहे. पण स्पर्धेआधीच्या धावपळीपेक्षा वर्षभराचा सराव मोलाचा.

काही पथ्ये मात्र पाळावीत. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळीच घ्यावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे आणि उन्हाची सवय आठ-पंधरा दिवसांत हळूहळू लावावी. डोकेदुखी, उलटी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच खेळ थांबवून अंग गार करावे व त्वरित रुग्णालय गाठावे. सूर मारून गुडघे-कोपरे खरचटणारच. म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे डोस चुकवू नयेत.

आपल्या मंडळातील डॉक्टरांनी महिन्यातून एक सकाळ जवळच्या शाळेच्या मैदानावर द्यावी, अशी विनंती आहे. तिथे मुलांचे रक्तदाब आणि वजन तपासावेच; पण एक डाव काठावर बसून, काही न सांगता पाहावा. उद्या ही मुले मित्रांच्या आग्रहाला नाही म्हणतील, रस्ता ओलांडतील, आईवडिलांच्या आजारपणात धावपळ करतील. त्या वेळी काठावरून ओरडून सांगणारे कोणी नसेल.